एकास चार: बँक आली म्हणून धंदा वाढतो का?

आजचा प्रश्न: बँकेनं कर्ज दिलं म्हणून धंदा वाढतो, की धंदा वाढतोय म्हणून बँक कर्ज देते? ऐकायला सोपं आहे, पण बँका आपणहून तिथेच जातात जिथे आधीच पैसा फिरतोय. मग कर्ज आणि उत्पादन दोन्ही वाढलेलं दिसतं, पण कोणामुळे कोण, ते कळत नाही.

आता जरा मागे जाऊ. १९५१ ते १९६८ या काळात बँकांच्या कर्जातला उद्योगांचा वाटा सुमारे ३४ टक्क्यांवरून दोन तृतीयांशांपर्यंत गेला. शेतीला जेमतेम २ टक्के! ज्यांच्या बँका, त्यांच्याच कारखान्यांना पैसा, अशी तक्रार होती. १९ जुलै १९६९ ला इंदिरा गांधींच्या सरकारनं १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं.

खरी गंमत १९७७ ची. रिझर्व्ह बँकेनं नियम काढला: बँक असलेल्या ठिकाणी आणखी एक शाखा हवी? मग एकही बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा उघडा. साधी इफ कंडिशन म्हणा ना! १९९० पर्यंत हे चाललं.

याआधी नव्या शाखा पुढारलेल्या राज्यांत जास्त निघायच्या. नियम आल्यावर मागासलेली राज्यं पुढे गेली, नियम गेल्यावर पुन्हा उलटं. म्हणजे इथे बँक आली ती नियमामुळे, धंदा बघून नाही. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी नेमका हाच धागा पकडला. निष्कर्ष काय? ग्रामीण गरिबी घटली, उत्पादन वाढलं. पण शेतीतलं नाही, तर लहान उद्योग आणि सेवांमधलं.

असं का? समजा, एखाद्याचे चार यंत्रमाग आहेत. सूत आज विकत घ्यायचं, कापडाचे पैसे दोन महिन्यांनी. मधले दोन महिने सावकाराच्या व्याजावर काढले तर नफा तिथेच संपतो. बँकेचं खेळतं भांडवल मिळालं, तर पाचवा माग घेता येतो.

पण दुसरी बाजूही ऐका. यातली बरीच कर्जं थकली, ग्रामीण शाखा तोट्यात गेल्या. कर्जानं उत्पादन वाढतं हे खरं, पण आधीचं कर्ज परत आलं तरच पुढच्याला मिळतं.

तुमच्या गावात पहिली बँक कधी आली? आजी-आजोबांना विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!