लशीची बातमी कोठून येते?

लशींविषयी आपल्याला जे ठाऊक असते, त्यातले बरेचसे वर्तमानपत्रांतून आलेले असते. पण बातमीदाराला ते कोठून मिळते? मूळ निबंध वाचून, पत्रकार परिषदेत ऐकून, की आधी छापून आलेल्या बातम्या चाळून? प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर हजारो मुलांचे आरोग्य अवलंबून राहू शकते, हे ब्रिटनमधील एका प्रकरणावरून दिसून येते. ते आपण क्रमाने पाहू.

गोवर, गालगुंड व रुबेला या तीन रोगांवरची एकत्रित लस ब्रिटनमध्ये १९८८ पासून दिली जाऊ लागली. २६ फेब्रुवारी १९९८ रोजी लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात एक पत्रकार परिषद झाली. निमित्त होते अँड्र्यू वेकफिल्ड व त्यांच्या १२ सहकाऱ्यांच्या निबंधाचे. तो 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध होत होता. निबंधात अवघ्या १२ मुलांची हकीकत होती. त्यांना आतड्याचे विकार होते, शिवाय बहुतेकांमध्ये स्वमग्नतेची लक्षणे होती. त्यांपैकी ८ मुलांच्या बाबतीत ही लक्षणे लशीनंतर दिसू लागल्याचे सांगण्यात आले होते. मात्र लस आणि विकार यांचा संबंध आपण सिद्ध केलेला नाही, असे निबंधातच स्पष्ट लिहिले होते.

पत्रकार परिषदेत वेकफिल्ड यांचा सूर वेगळा होता. तिहेरी लस थांबवून तिन्ही लशी स्वतंत्रपणे द्याव्यात, असे त्यांनी सुचवले. त्याच व्यासपीठावरील काही सहकाऱ्यांना हे मान्य नव्हते. म्हणजे एकाच दिवशी बातमीदारांपुढे दोन स्रोत होते: सावधपणे लिहिलेला निबंध आणि बेधडक बोलणारा माणूस. पुढच्या काळात अनेक बातम्या दुसऱ्या स्रोतावर उभ्या राहिल्या.

निबंध बारकाईने वाचणाऱ्याला दोन उणिवा सहज दिसल्या असत्या. पहिली, तुलनेसाठी लस न घेतलेली मुले त्यात नव्हतीच. दुसरी, ही लस साधारण सव्वा वर्षाच्या आत-बाहेर देतात आणि स्वमग्नतेची लक्षणेही पालकांच्या ध्यानात येऊ लागतात ती त्याच सुमारास. एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो, पण कोंबड्यामुळे उगवत नाही.

२००२ मध्ये डेन्मार्कमधील ५,३७,३०३ मुलांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेच्या प्रमाणात वाढ आढळली नाही. पण त्या सुमारास ब्रिटनमध्ये वेगळीच चर्चा रंगली होती. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी आपल्या लहान मुलाला ही लस दिली की नाही, हे सांगायचे त्यांनी नाकारले होते. विषय विज्ञान-वार्ताहरांच्या हातून राजकीय वार्ताहर आणि स्तंभलेखकांच्या हाती गेला. 'दोन्ही बाजू' मांडायच्या म्हणून एका बाजूला एक डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला एक चिंतित पालक, अशी मांडणी होऊ लागली. कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांना वाटत होते की, दोन्ही बाजूंना सारखाच पुरावा आहे. बहुतेक पुरावा लशीच्या बाजूने आहे, हे फक्त २३ टक्क्यांना माहीत होते. जागा सारखी मिळाली म्हणजे पुरावाही सारखा, असा वाचकांचा समज झाला.

गंमत अशी की, या प्रकरणातील असत्य बाहेर काढले तेही एका पत्रकारानेच. 'संडे टाइम्स'साठी लिहिणारे ब्रायन डिअर यांनी कागदपत्रे तपासली. लस उत्पादकांविरुद्ध खटल्याची तयारी करणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते, हे त्यांनी २००४ मध्ये उघड केले. ही रक्कम ४,३५,००० पौंडांहून अधिक होती, हे पुढे स्पष्ट झाले. मुलांच्या मूळ वैद्यकीय नोंदी आणि निबंधातील माहितीही जुळत नव्हती. २००४ मध्ये १० सहलेखकांनी त्या निष्कर्षापासून अंग काढून घेतले. फेब्रुवारी २०१० मध्ये 'द लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतून काढून टाकण्यात आले.

पण तोवर नुकसान झाले होते. गोवराचा फैलाव रोखायला सुमारे ९५ टक्के मुलांना लस मिळावी लागते. इंग्लंडमध्ये २००३-०४ साली दोन वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण ८० टक्क्यांवर घसरले. इंग्लंड व वेल्समध्ये १९९८ साली गोवराचे निश्चित झालेले रुग्ण ५६ होते, ते २००८ साली १,३७० झाले. २०१२-१३ मध्ये वेल्समधील स्वान्सी परिसरात मोठी साथ आली, तेव्हा लस न मिळालेली ती बालके शाळकरी वयाची झाली होती.

म्हणून 'वर्तमानपत्रांवर विश्वास ठेवू नका' असा धडा यातून काढणे चुकीचे ठरेल. पत्रकारितेनेच घोळ वाढवला आणि पत्रकारितेनेच तो निस्तरला. फरक होता तो स्रोतांचा. वर्गात एखादे कात्रण घेऊन विद्यार्थ्यांना आपण चार प्रश्न विचारू शकतो. हे कोण सांगत आहे? त्याला ते कसे कळले? किती जणांवर पाहिले आणि तुलना कोणाशी केली? हे खरे ठरले तर सांगणाऱ्याचा काय लाभ? या चार प्रश्नांची उत्तरे बातमीत नसतील, तर त्या बातमीवरून लस नाकारण्याची घाई करू नये, एवढे विद्यार्थी नक्कीच शिकतील.