संगीत नाटकाच्या इतिहासातील खानदेश

ऑपेरा म्हटले की प्रथम वास्तू आठवते. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस हे त्याचे आपल्याकडील उदाहरण. १९११ मध्ये, बांधकाम चालू असतानाच, त्याचे उद्घाटन पंचम जॉर्जच्या हस्ते झाले. १९९३ मध्ये बंद पडलेली ही वास्तू २०१६ मध्ये पुन्हा उघडली.

ऑपेराशी ज्याचे नाते सांगता येईल त्या मराठी संगीत नाटकाचा इतिहासही आपण प्रयोगांच्या आणि मंडळ्यांच्या नोंदींतूनच लिहितो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’, १९०५ मध्ये नारायणराव राजहंसांचा किर्लोस्कर मंडळीत प्रवेश, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळीची स्थापना. या सनावळीत खानदेश कोठे आहे?

तो आहे, परंतु पडदा उघडण्यापूर्वी. बालगंधर्वांच्या बालपणाचा काही काळ जळगावी गेला आणि गाण्याचे आरंभीचे शिक्षण त्यांना तेथेच महबूब खाँ यांच्याकडे मिळाले. स्त्रीभूमिकांतून मराठी प्रेक्षकांना ज्याने मोहिनी घातली, तो गळा एका खाँसाहेबांपुढे घडू लागला होता. तिकडे धुळे जिल्ह्यातील, तापीकाठचे थाळनेर हे मास्टर दीनानाथांची सासुरवाडी, म्हणजे लता मंगेशकरांचे आजोळ.

प्रयोगाची तारीख राहते, तालमीची राहत नाही. जळगावात बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे. ते नाव घेताना महबूब खाँ आठवले नाहीत, तर आपण या इतिहासाचा केवळ उत्तरार्ध वाचला, असेच म्हणावे लागेल.