सांधलेली काच आणि धातूचा साचा

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाइनच्या परिसरात फुंकणीने काच फुगविण्याची युक्ती प्रचारात आली, त्याच्या आधीपासूनच भूमध्य समुद्राकाठचे कारागीर रंगीत काचकांड्यांचे काप शेजारी शेजारी मांडून, भट्टीत त्यांना एकजीव करून, सिद्ध झालेली चकती पुन्हा तापवून साच्यावर लववीत असत. १९०० साली ग्रीसमधील अँटिकायथेरा बेटालगत बुडालेले जे प्राचीन जहाज पाणबुड्यांना सापडले, त्यातील मालात या जातीचे नक्षीदार कटोरेही होते. पुढे फुंकणीच्या वेगापुढे ही कष्टसाध्य रीत मागे पडली, आणि माझ्या मते ती काचकलेची मोठीच हानी होय. कारण मांडलेल्या कापांवर कारागिराचा जो निःशंक अंमल चालतो, तो फुगत्या काचेवर चालत नाही.

धातूच्या साच्याची सद्दी सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात. मॅसॅच्युसेट्समधील सँडविच गावी डेमिंग जार्व्हिस याने १८२५ साली काढलेल्या कारखान्यात लोखंडी साच्यात रसरशीत काच टाकून ती वरून दट्ट्याने दाबीत. परंतु तेथे काच आणि धातू यांची गाठ क्षणभराचीच पडे. सांधलेल्या काचेच्या भट्टीत मात्र साचा व काच तासन्‌तास एकत्र तापतात, एकत्र निवतात, आणि निवताना दोघांचा स्वभावभेद उघडा पडतो.

ही विस्मृत कला विसाव्या शतकात पुन्हा उभी राहिली. फ्रान्सिस व मायकेल हिगिन्स या दांपत्याने १९४८ साली शिकागोत कार्यशाळा थाटली. १९७४ साली ऑरेगनमधील पोर्टलंड येथे निघालेल्या बुल्सआय कारखान्याने पुढे परस्परांशी जुळणाऱ्या रंगीत काचा रीतसर पारखून पुरविण्याची तजवीज केली. कारण न जुळणाऱ्या दोन काचा सांधल्या, तर निवताना एक अधिक आखडते, दुसरी कमी, आणि जोड तडकतो.

याच कारणास्तव या कलेच्या इतिहासात मी आकारापेक्षा आकुंचनाला वरचे स्थान देतो. एक मीटर लांबीची साध्या काचेची पट्टी ५०० अंश सेल्सिअसने निवली तर सुमारे ४.५ मिलिमीटर आखडते. तेवढीच स्टेनलेस पोलादाची पट्टी ८ मिलिमीटरांहून अधिक. म्हणून पोलादी वाटीच्या पोटात काच बसविली, तर निवताना वाटी तिला आवळून फोडते. तीच वाटी पालथी घालून वरून काच लवविली, तर धातू आतून आक्रसून आपोआप सुटा होतो. भाजलेल्या मातीचा न्याय नेमका उलटा: ती काचेहून कमी आखडत असल्यामुळे तिच्या पोटात काच सुखाने निवते, पाठीवर मात्र अडकून बसते.

पोलादाला काच चिकटू नये म्हणून साचा आधी तापवून त्यावर चिनी माती व ॲल्युमिनायुक्त पूड पाण्यात कालवून तिचे पातळ हात देतात; थंड, गुळगुळीत धातूवर तो लेप धरत नाही. जस्ताचा मुलामा दिलेले भांडे मात्र जाणते कारागीर भट्टीत ठेवीत नाहीत, कारण तापल्यावर त्यातून उठणारा धूर फुप्फुसांना अपायकारक असतो.