रिकामे घर आणि परका धनी : व्हँकूव्हरचा दाखला

'परका' या शब्दात दोन अर्थ नांदतात : 'अन्य देशाचा' आणि 'ज्याचा आपल्याशी व्यवहार नाही असा'. नगरजीवनाच्या विवेचनात या दोहोंची गल्लत झाली की निष्कर्षही चुकतो. कॅनडातील व्हँकूव्हरचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९८६ च्या जागतिक प्रदर्शनाची विस्तीर्ण जमीन १९८८ मध्ये हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग यांच्या समूहाकडे गेली व तेथे उत्तुंग निवासी इमारती उभ्या राहिल्या. १९९७ च्या सत्तांतरापूर्वी हाँगकाँगहून अनेक कुटुंबे या शहरात येऊन स्थायिक झाली. त्यांनी नगराच्या भाषिक वैविध्यात भरच घातली. परंतु केवळ धनसंचय म्हणून घेतलेल्या घराची गोष्ट निराळी. त्यातून शाळेला मूल मिळत नाही, वाण्याला गिऱ्हाईक मिळत नाही. जागा मात्र अडते. वैविध्य रोजच्या देवघेवीत जगते. कुलपाला भाषा नसते.

तथापि 'परकीय' हा शब्द या नगरीत कधीच निर्विकार नव्हता. चिनी आगंतुकांवर १८८५ मध्ये ५० डॉलर डोईपट्टी बसली. १९०३ मध्ये ती ५०० झाली. १९०७ मध्ये चिनी व जपानी वस्त्यांवर जमाव चालून गेला. १९१४ मध्ये 'कोमागाता मारू' जहाजावरील ३७६ हिंदी प्रवाशांपैकी बहुतेकांना येथूनच परत धाडण्यात आले. १९२३ ते १९४७ पर्यंत चिनी लोकांना देशाचे दार जवळजवळ बंदच होते.

म्हणूनच पुढील दोन उपायांतील भेद महत्त्वाचा ठरतो. ऑगस्ट २०१६ मध्ये प्रांतिक शासनाने परकीय खरेदीदारांवर १५ टक्के कर बसविला. नगरपालिकेने मात्र २०१७ पासून रिकाम्या घरावरच, मालकाचे नागरिकत्व न पाहता, मूल्याच्या १ टक्का कर लावला. त्यापूर्वी वीजवापरावरून केलेल्या पाहणीत २०१४ साली सुमारे १०,८०० घरे वर्षभर रिकामी आढळली होती. पण एकूण घरांतील हे प्रमाण, सुमारे ४.८ टक्के, २००२ पासून फारसे बदललेले नव्हते. विजेचे मीटर मालकाचा देश सांगत नाही. घर वापरात आहे की नाही, एवढेच सांगते.

पहिला कर 'मालक कोण?' असे विचारतो, तर दुसरा 'घरात कोणी राहते काय?' असे. नगराची हानी दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने ठरते. येऊन राहणारा परदेशी शेजारी होतो. न राहणारा स्वदेशी धनीही नगराला परकाच होय. हा विवेक सुटला, तर रिकाम्या घरांचा राग जुन्याच वाटेने भरलेल्या घरांवर निघण्याचा धोका राहतो.