काचेतला पहिला समुद्र

समुद्रातले प्रवाळ समुद्रापासून दूर, शहरातल्या घरात जगतील का? १८४६ साली अ‍ॅना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ बरणीत घालून लंडनला आणले. तिथे ताजे समुद्राचे पाणी कुठले? तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरणे भाग होते, आणि त्यातला प्राणवायू संपला की प्रवाळ मरणार. म्हणून उघड्या खिडकीपाशी पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचे, असा उपाय बाईंनी काढला. अर्धा-पाऊण तास चालणारे हे काम घरातली एक लहानशी मोलकरीण करी.

१८४७ मध्ये त्यांनी पाण्यात समुद्रशैवाल ठेवले. शैवाल उजेडात अन्न तयार करते व प्राणवायू सोडते. प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले.

थिनबाईंचे प्रवाळ थंड पाण्यातले, एकएकटे वाढणारे. उष्ण समुद्रात प्रवाळभिंती रचणाऱ्या प्रवाळांच्या तर शरीरातच सूक्ष्म शैवाल राहते व त्यांना अन्न पुरवते. म्हणून ते घरी वाढवायचे तर पाण्याइतकीच उजेडाचीही काळजी घ्यावी लागते. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली साधी पद्धत प्रसिद्ध केली : बारीकसारीक जीवांनी भरलेले समुद्रातले दगड, भरपूर उजेड आणि हवेचे बुडबुडे.

मत्स्यालयातला हवेचा पंप दाखवून विद्यार्थ्यांना जरूर विचारावे : खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्या मुलीचे कोणते काम हा पंप करतो?