लूप (संगणक प्रोग्रॅमिंग)

लूप किंवा पुनरावर्तन ही संगणक प्रोग्रॅममधील एक नियंत्रण-रचना आहे. तिच्या साहाय्याने आज्ञांचा गट एकदाच लिहून अनेक वेळा चालवता येतो. अशा प्रत्येक फेरीला आवर्तन म्हणतात. थांबण्याची अट कोणती आणि ती केव्हा तपासली जाते, यांवरून लूपचे मुख्य प्रकार ठरतात.

इतिहास

एडा लव्हलेस यांनी चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित विश्लेषण यंत्रावर १८४३ मध्ये टिपा प्रसिद्ध केल्या. त्यांतील बर्नुली संख्या काढण्याच्या रीतीत काही क्रिया पुन्हापुन्हा करण्याची योजना होती. १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रान भाषेत लूपसाठी 'डू' ही स्वतंत्र आज्ञा होती.

प्रकार

• फॉर लूप : फेऱ्यांची संख्या आधीच माहीत असताना सहसा वापरतात. एक गणक-चल प्रत्येक फेरीत ठरावीक अंतराने बदलतो.
• व्हाइल लूप : अट फेरीच्या आधी तपासली जाते. ती सुरुवातीलाच असत्य असल्यास एकही फेरी होत नाही.
• डू-व्हाइल लूप : अट फेरीनंतर तपासली जात असल्याने किमान एक फेरी होतेच. पास्कल भाषेतील 'रिपीट-अन्टिल' याच जातीचा आहे. मात्र तो अट सत्य झाल्यावर थांबतो. पायथॉनमध्ये या प्रकारासाठी स्वतंत्र आज्ञा नाही.
• फॉर-ईच लूप : यादीतील प्रत्येक घटकासाठी एक फेरी होते, क्रमांक मोजावे लागत नाहीत.

एका लूपमध्ये दुसरा लूप असल्यास त्याला अंतर्गत लूप म्हणतात. २ ते ३० चे पाढे छापताना बाहेरचा लूप २९ वेळा आणि आतला प्रत्येक वेळी १० वेळा फिरतो. म्हणजे छापण्याची आज्ञा २९० वेळा चालते.

अनंत लूप

थांबण्याची अट कधीच पूर्ण न झाल्यास लूप अनंत होतो. सर्व्हर आणि यंत्रांतील नियंत्रक चिपांचे प्रोग्रॅम सतत चालू राहावेत म्हणून तो हेतुपुरस्सर वापरला जातो. इतरत्र तो बहुधा दोष असतो.

३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टची 'झून ३०' ही गाणी ऐकण्याची उपकरणे अशाच दोषामुळे बंद पडली. त्यांच्या घड्याळाच्या प्रोग्रॅममधील व्हाइल लूप दिवसांची संख्या ३६५ पेक्षा जास्त असेपर्यंत फिरत असे आणि प्रत्येक फेरीत एका वर्षाचे दिवस वजा करत असे. लीप वर्षासाठी मात्र संख्या ३६६ पेक्षा जास्त असेल तरच वजाबाकी होई. त्या दिवशी ती नेमकी ३६६ असल्याने वजाबाकीही होईना आणि लूपही थांबेना. वर्षाचा शेवटचा दिवस उजाडेपर्यंत हा दोष प्रकट झाला नव्हता.

कोणताही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत अस्तित्वात असू शकत नाही, असा निष्कर्ष ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ मधील संशोधनातून निघतो. त्यामुळे प्रत्येक फेरी लूपला शेवटाजवळ नेते का, हे पडताळण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावरच राहते. पहिली, शेवटची आणि एकही फेरी न होण्याची स्थिती या पडताळणीत विशेष महत्त्वाची ठरते.