कानाच्या पडद्याला ठिगळ

ध्वनीचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर कानाची आकृती काढतो. कानाची पाळी, आत जाणारी नळी, तिच्या टोकाला पडदा, पडद्यापलीकडे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे आणि शेवटी गोगलगायीच्या शंखासारखा अंतर्कर्ण. पडदा ढोलाच्या कातड्यासारखा असतो, असे सांगून आपण पुढे सरकतो. अशा वेळी एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, की पडदा फाटला तर माणूस ठार बहिरा होतो का? बहुतेकांच्या तोंडी याचे उत्तर 'हो' असेच येते. ते बरोबर नाही, हे दोनशे वर्षांपूर्वीच कळले होते. मग फाटलेला पडदा दुरुस्त करता येतो का? या दुसऱ्या प्रश्नाने मात्र शल्यवैद्यांना पुढे दीडशे वर्षे झुलवत ठेवले. त्याचीच हकीकत येथे सांगायची आहे.

आधी पडद्याकडे जरा नीट पाहू. त्याचा व्यास जेमतेम एक सेंटिमीटर आणि जाडी एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी. एवढ्याशा जाडीत तीन थर असतात. बाहेरच्या बाजूला त्वचा, मध्ये चिवट तंतूंचा थर आणि आतल्या बाजूला ओलसर श्लेष्मल अस्तर. अंतर्कर्णात द्रव असतो. हवेतून आलेला ध्वनी थेट द्रवावर आदळला तर त्यातली ९९.९ टक्के ऊर्जा परावर्तित होते. पाण्यात बुडी मारल्यावर काठावरचे बोलणे ऐकू येत नाही, ते याचमुळे. हा तोटा भरून काढण्याचे काम पडदा करतो. पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटरचा, तर रिकिबीचा तळवा सुमारे ३.२ चौरस मिलिमीटरचा. ड्रॉइंग पिनच्या रुंद डोक्यावर दिलेला दाब तिच्या टोकाशी एकवटतो, तसा पडद्यावरचा दाब या तळव्यावर सतरा पट होऊन पोचतो. हाडांच्या तरफेमुळे त्यात आणखी १.३ पटीची भर पडते. म्हणजे एकूण सुमारे बावीस पट. हाडांच्या या यंत्रणेचे गणित जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६८ साली मांडले.

पडद्याचे दुसरे काम पुस्तकांत सहसा नसते. अंतर्कर्णाला दोन खिडक्या असतात. लंबगोल खिडकीत रिकीब बसलेली असते, तर गोल खिडकीवर फक्त पातळ पापुद्रा असतो. रिकीब आत दाबली गेली की द्रव सरकतो आणि गोल खिडकीचा पापुद्रा बाहेर फुगतो. वर्गात हे सहज दाखवता येईल. काचेची किंवा कडक प्लॅस्टिकची नळी पाण्याने भरा आणि दोन्ही तोंडांना फुग्याचे रबर ताणून बांधा. एक तोंड दाबले की दुसरे फुगते, पण दोन्ही तोंडे एकदम सारखी दाबली तर आतले पाणी जागचे हलत नाही. पडदा शाबूत असतो तेव्हा गोल खिडकी त्याच्या आडोशाला राहते. पडद्याला मोठे भोक पडले की ध्वनी दोन्ही खिडक्यांवर जवळजवळ एकाच वेळी येतो आणि द्रवाची हालचाल मंदावते.

तरीही माणूस ठार बहिरा होत नाही. लंडनचे शल्यवैद्य अॅस्टली कूपर यांनी हे १८०० साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्यांना वैद्यकाचा एक विद्यार्थी भेटला होता. कान वाहून वाहून त्याचे पडदे नष्ट झाले होते, पण चारचौघांतले संभाषण तो नीट ऐकू शकत असे. यावरून कूपर यांनी पुढचा तर्क केला. घशापासून मध्यकर्णापर्यंत जाणारी युस्टेशियन नलिका बुजली, तर पडद्यामागची हवा अडकून ऐकू येईनासे होते. मग अशा रुग्णाच्या पडद्याला मुद्दाम भोक पाडले तर? त्यांनी ते करून पाहिले. काही रुग्णांना तत्क्षणी ऐकू येऊ लागले. १८०१ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली आणि कूपर यांना रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले.

मग बहिऱ्यांची रीघ लागली. त्यातल्या बहुतेकांचा दोष अंतर्कर्णात किंवा श्रवणतंत्रिकेत होता, त्यामुळे त्यांना पडद्याच्या भोकाचा काडीइतका उपयोग नव्हता. ज्यांना उपयोग झाला त्यांचे भोक थोड्याच दिवसांत आपोआप भरून आले आणि बहिरेपण परतले. कूपर यांनी ही शस्त्रक्रिया सोडून दिली.

आमच्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट इथेच आहे. वैद्याला भोक उघडे हवे असते तेव्हा ते बुजते. ते उघडे ठेवण्यासाठी पडद्यात बारीक नळी बसवण्याची सोय अमेरिकेत बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी १९५४ साली केली, तेव्हा कुठे कूपर यांचा उपाय खऱ्या अर्थाने वापरात आला. उलट वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानातले भोक काही केल्या बुजत नाही. पडदा तोच, मग वागणूक निराळी का?

त्याचे उत्तर येईपर्यंत वैद्यांनी भोकावर झाकण घालण्याचा मार्ग धरला. जर्मनीत मार्कुस बान्झर यांनी १६४० मध्येच हस्तिदंती नळीच्या तोंडाला डुकराच्या मूत्राशयाचे कातडे लावून ती कानात बसवण्याची सूचना केली होती. १८४१ साली लंडनमध्ये जेम्स यिअर्सली यांच्याकडे न्यूयॉर्कहून एक गृहस्थ आला. कागदाची सुरळी थुंकीने ओली करून तो कानात पार तळाशी सारत असे आणि त्याला ऐकू येई! रुग्णाने वैद्याला शिकवल्याचे हे सुरेख उदाहरण म्हणायला हवे. यिअर्सली यांनी कागदाऐवजी ओल्या कापसाचा बोळा वापरायला सुरुवात केली. हा बोळा गोल खिडकीला आडोसा देत असावा आणि सैल झालेल्या हाडांना आधार देत असावा, असे आज आपण म्हणू शकतो. जोसेफ टॉयन्बी यांनी १८५३ मध्ये चांदीच्या तारेवर रबराची चकती बसवून कृत्रिम पडदा तयार केला. (इतिहासकार आर्नल्ड टॉयन्बी हे यांचेच नातू.) कानात होणाऱ्या गुणगुणीवर उपाय शोधताना क्लोरोफॉर्म आणि हायड्रोसायनिक आम्लाची वाफ स्वतःवर आजमावत असता १८६६ साली जोसेफ टॉयन्बी यांचा मृत्यू झाला.

बोस्टनचे डॉ. क्लॅरेन्स ब्लेक भोकावर पातळ कागदाचा तुकडा चिकटवत. लहान भोकासाठी ही युक्ती आजही चालते. याच ब्लेक यांनी १८७४ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना मृत माणसाचा कान मिळवून दिला होता. बेल यांनी त्यातल्या हाडाला गवताची काडी जोडली आणि काजळी धरलेल्या काचेवर आवाजाची रेघ उमटवली. इतका पातळ पडदा हाडे हलवू शकतो, तर मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही, हा विचार बेल यांना येथूनच सुचला आणि त्याचा शेवट टेलिफोनमध्ये झाला.

आता त्या वागणुकीचे कोडे. ताजा पडदा फाटतो तेव्हा बाहेरची त्वचा कडेपासून भोकावर सरकू लागते. पडद्याच्या त्वचेला मध्यापासून कडेकडे सरकत राहण्याची सवयच असते. कानातला मळ आपोआप बाहेर येतो तो त्यामुळेच. म्हणून अपघाताने पडलेली बहुतेक छिद्रे काही आठवड्यांत मिटतात. त्या काळात कान कोरडा ठेवणे आणि त्यात काही न घालणे, एवढे पथ्य मात्र हवे. आपल्याकडे नेमके उलट घडते. कान दुखला की लसूण घालून कढवलेले तेल ओतले जाते. अशी छिद्रे पडतात कशी, हे शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावे. कानावर बसलेली सपाट हाताची चपराक नळीतली हवा दाबते आणि तेवढ्याने पडदा फाटतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी घातली, पण 'कानाखाली आवाज काढणे' हा वाक्प्रचार काही भाषेतून गेलेला नाही.

जुनाट छिद्रात निराळे घडते. पू वाहत असताना बाहेरची त्वचा आणि आतले श्लेष्मल अस्तर छिद्राच्या कडेवर एकमेकांना भेटतात आणि जुळतात. शिंप्याने काजाची कड शिवून टाकावी, तसे. पेशींच्या लेखी उघडी जखम उरतच नाही, म्हणून वाढ थांबते. भोक बुजवायचे तर आधी ही शिवण उसवायला हवी. सिल्व्हर नायट्रेटने किंवा ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने कडा जाळण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, ती यासाठीच. १८७८ मध्ये जर्मनीचे एमिल बेर्थोल्ड यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी पडद्यावर चिकटपट्टी लावून तीन दिवस ठेवली. ती ओढून काढताना पडद्याचा वरचा थर सोलून निघाला आणि त्या कच्च्या पृष्ठभागावर त्यांनी रुग्णाच्याच त्वचेचा तुकडा लावला. या कृतीला त्यांनी 'मिरिंगोप्लास्टिक' असे नाव दिले. पुढे अंड्याच्या कवचाआतला पापुद्राही वापरून पाहिला गेला. पण या वाटेने फारसे कोणी गेले नाही आणि सत्तर वर्षे ती जवळजवळ विसरली गेली.

इतकी सरस कल्पना मागे का पडली? वाहणारा कान तेव्हा जीव घेत असे. पू कानामागच्या हाडात आणि तेथून मेंदूच्या आवरणात शिरे. डब्लिनचे विल्यम वाइल्ड हे आपल्या काळातले नामवंत कर्णवैद्य. त्यांचा मुलगा, लेखक ऑस्कर वाइल्ड, १९०० साली पॅरिसमध्ये कानाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी वारला. कानाचे दुखणे मेंदूच्या आवरणापर्यंत गेले, असे बरेच जण मानतात. अशा परिस्थितीत शल्यवैद्य कानामागचे हाड पोखरून, पडद्याचे अवशेष व हाडेही काढून टाकून सगळी पोकळी उघडी करत. रुग्ण जगे, पण श्रवण गमावून बसे. त्या काळी हा सौदा वाजवीच होता. शिवाय कानाची नळी अडीच सेंटिमीटर लांब, अंधारी आणि वाकडी. मध्यभागी भोक असलेला अंतर्वक्र आरसा वापरून कान उजळण्याची रीत फॉन ट्रॉल्च यांनी १८५५ मध्ये रूढ केली, पण उजेड मिळाला तरी दीड-दोन मिलिमीटरची रचना नुसत्या डोळ्यांनी हाताळणार कशी? फाटलेली कानाची पाळी गालाच्या त्वचेने सांधण्याचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. पाळी हातात धरता येते, पडदा धरता येत नाही.

स्वीडनमध्ये कार्ल नीलेन यांनी १९२१ साली कानाच्या शस्त्रक्रियेत प्रथम सूक्ष्मदर्शक वापरला. पुढच्याच वर्षी गुन्नार होल्मग्रेन यांनी दोन डोळ्यांनी पाहण्याचा सूक्ष्मदर्शक आणला. १९४० नंतर पेनिसिलिन आले आणि जीव वाचवण्याची घाई ओसरली. १९५३ मध्ये झाइस कंपनीचा शस्त्रक्रियेसाठी खास बनवलेला सूक्ष्मदर्शक बाजारात आला. या तयार भूमीवर होर्स्ट वुलस्टाइन आणि फ्रिट्झ झोलनर या दोन जर्मन वैद्यांनी १९५० नंतरच्या चार-पाच वर्षांत स्वतंत्रपणे पडदा-दुरुस्तीचे शास्त्र उभे केले. रोग काढायचा आणि श्रवणही परत बांधायचे, असा त्यांचा आग्रह होता. वुलस्टाइन यांनी हाडांची जितकी हानी झाली असेल त्यानुसार शस्त्रक्रियेचे पाच प्रकार पाडले. हाडे मुळीच उरली नसतील तर निदान गोल खिडकीला आडोसा द्यावा, हा त्यातला एक. मघाच्या नळीच्या प्रयोगातले भौतिकशास्त्र आता शस्त्रक्रियेच्या टेबलावर आले होते!

ठिगळासाठी दोघांनीही त्वचाच वापरली. निकाल सुरुवातीला डोळे दिपवणारे होते, पण काही महिन्यांनी ठिगळे ओली पडू लागली, सुजली आणि पुन्हा फाटली. त्वचेत केसांची मुळे आणि ग्रंथी असतात. तिचे मृत कण सतत गळत राहतात आणि ते मध्यकर्णात साचले तर हाड कुरतडणारी गाठ बनते. मग शिरेच्या भिंतीचा तुकडा वापरून झाला. अखेर १९५८ च्या सुमारास जर्मनीत हेरमान यांनी कानशिलाच्या स्नायूवरचे आवरण वापरले. अमेरिकेत १९६१ च्या आसपास स्टॉर्स यांनी तेच केले. दात घट्ट दाबून कानाच्या वर बोट ठेवले की जो स्नायू टणक लागतो, त्याच्यावरचा हा पांढरा, चिवट पापुद्रा. तो शस्त्रक्रियेच्याच चिरेतून मिळतो आणि काढला तर रुग्णाला उणीव भासत नाही. वाळवला की तो चर्मपत्रासारखा कडक होतो, म्हणून हवा तसा कापता येतो.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे त्याची भूक फार थोडी. रक्तपुरवठा तुटल्यावरही तो तग धरून राहतो. तो स्वतः पडदा बनत नाही. गवंड्याच्या परांचीसारखा तो उभा राहतो आणि कडेची त्वचा वरून, तर श्लेष्मल अस्तर खालून त्याच्यावर चढते. हळूहळू त्यात रक्तवाहिन्या शिरतात. अनुभवी हातांत दहापैकी साधारण नऊ ठिगळे टिकतात. पुढे कानाच्या कूर्चेचे ठिगळही आले. ते जाड असते, पण वारंवार फाटणाऱ्या पडद्याला अधिक मानवते. अलीकडे सूक्ष्मदर्शकाऐवजी दुर्बिणीतून, कानाच्या नळीतूनच ही शस्त्रक्रिया होऊ लागली आहे.

जपानमध्ये २०१९ साली ठिगळाशिवायच्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात पेशींची वाढ चेतवणाऱ्या प्रथिनात भिजवलेला जिलेटिनचा स्पंज छिद्रात ठेवतात आणि वरून जैविक गोंदाने बंद करतात. भूल फक्त पडद्यापुरती. स्पंज ठेवण्याआधी छिद्राची कड मात्र खरवडून कच्ची करावी लागते, बेर्थोल्ड यांनी चिकटपट्टी ओढून केली होती तशीच.